सेल्फ हलका असावा, पण तापलेलं इंजिन उचलणारा

मंडळी, आज बोलायचंय ते एका ठरावीक गाडीबद्दल. सोमवार ते शनिवार बेळगावच्या उद्यमबागला कामावर जायला वापरायची, बाजारहाट तिच्यातूनच, आणि रविवारी पहाटे जांबोटीवरून चोर्ला घाटात न्यायची. इंजिनाचं कॉम्प्रेशन, म्हणजे सिलिंडरमधला दाब, वाढवलेलं, कारखान्याचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड काढून हेडर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा जुडगा, बसवलेला. अशा गाडीचा मालक वजन कमी करायला निघाला की त्याचं लक्ष कधीतरी सेल्फवर, म्हणजे चावी फिरवल्यावर इंजिन फिरवून सुरू करणाऱ्या मोटरवर, जातंच. जुन्या पद्धतीचा सेल्फ हातात घेऊन बघा, सात ते दहा किलोचा ऐवज असतो. नव्या पद्धतीचा साडेतीन ते पाच किलोत भागतो. म्हणजे चार-पाच किलो वाचले, आणि चालवताना ते तुम्हाला जाणवणार नाहीत. स्टेपनी घरी ठेवली तर यापेक्षा जास्त वजन उतरतं, तेही फुकटात.

तरीही मी म्हणतो, सेल्फ बदला. फक्त तो वजनासाठी बदलू नका, तापलेलं इंजिन उचलण्यासाठी बदला.

टिळकवाडीच्या रेल्वे गेटपाशी आपण सगळेच थांबतो. एप्रिलची दुपार, गेट पडलेलं, तुम्ही इंजिन बंद करता. पंखा थांबला, पाणी फिरायचं थांबलं, वारा नाही. हेडरची सगळी उष्णता बॉनेटखाली कोंडते आणि शेजारी टांगलेल्या सेल्फमध्ये उतरते. गेट उघडतं, तुम्ही चावी फिरवता आणि सेल्फ एकदा घुर्र करून अडकतो. मागे हॉर्नची रांग. बॅटरीला शिव्या देऊन उपयोग नसतो, कारण गडबड तांब्यात आहे. तापमान १०० अंशांनी वाढलं की तांब्याचा रोध साधारण ३९ टक्क्यांनी वाढतो. रोध वाढला की करंट कमी, करंट कमी म्हणजे टॉर्क कमी. सिलिंडरमधलं कॉम्प्रेशन मात्र तेवढंच राहतं, आणि आपण ते हौसेनं वाढवूनही ठेवलेलं असतं. थंड देशांत सेल्फची परीक्षा बर्फातल्या सकाळी होते. बेळगाव ७५० मीटरच्या आसपास उंचीवर असलं तरी आपल्याकडे बर्फ पडत नाही, आपली परीक्षा दुपारी.

आता हलका सेल्फ हलका का असतो, ते बघू. जुन्या रचनेत आर्मेचरच्या, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या गाभ्याच्या, शाफ्टवरच पिनियन हा छोटा दातेरी गिअर बसतो. समजा पिनियनला ९ दात आणि फ्लायव्हीलच्या, म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या, कडेवरच्या रिंग गिअरला १०८, म्हणजे गुणोत्तर १२. इंजिन २०० आरपीएमनं फिरवायचं तर मोटर २४०० नं फिरायला हवी. एवढ्या कमी वेगात भरपूर टॉर्क काढायचा तर लोखंड आणि तांबं दोन्ही जास्त लागतं, म्हणून ती जड. नव्या रचनेत मोटर आणि पिनियनच्या मध्ये आणखी एक गिअर असतो, साधारण साडेतीन ते पाचपट घट करणारा. चारपट धरली तर मोटर ९६०० नं पळते. सायकलवर छोटा गिअर टाकून तवंदी घाट चढावा तसं, पाय भराभर पण जोर कमी. क्रायस्लरनं १९६२ साली अशा गिअरचे सेल्फ गाड्यांत आणले, आणि नंतर जगभरच्या कंपन्या त्याच वाटेनं गेल्या. त्यामुळे गेल्या वीसेक वर्षांतली तुमची गाडी असेल तर बॉनेट उघडून आधी नीट बघा. तिच्यात बहुधा गिअरवालाच सेल्फ असेल. तो उत्तम स्थितीत आणणं हेच तुमचं काम, नवा घेण्याची गरज नाही. खरा फायदा होतो तो ॲम्बॅसडर, पद्मिनी किंवा त्या काळातल्या परदेशी गाड्यांना.

या रचनेची एक बाजू ध्यानात ठेवा. इंजिन पेटून हजार आरपीएमला गेलं आणि चावी सोडायला उशीर झाला, तर त्याच हिशेबानं पिनियन १२,००० नं फिरणार आणि आर्मेचर ४८,००० नं. ते होऊ नये म्हणून मधे एकाच दिशेनं पकडणारा क्लच असतो. तो जाम झाला की आर्मेचरच्या चिंधड्या. म्हणून जुना गिअरवाला सेल्फ घेताना पिनियन हातानं फिरवून बघा. एका बाजूला मोकळा फिरला पाहिजे, दुसऱ्या बाजूला घट्ट धरला पाहिजे.

निवडीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. तुमच्याच इंजिनाच्या घराण्यातल्या नंतरच्या मॉडेलचा, शक्यतो मोठ्या इंजिनाचा किंवा ऑटोमॅटिक गाडीचा कंपनीचा सेल्फ बसतो का, ते आधी शोधा. रेसिंगच्या नावानं विकला जाणारा चकचकीत सेल्फ त्यानंतर. कारण कंपनीच्या सेल्फचे कार्बन, बुश, सॉलेनॉइड उद्या मिळतील. तो खोलून बसवणारा माणूस बेळगावातच सापडेल, निपाणीत आणि खानापुरातही. रोजच्या गाडीला हे सगळ्यात महत्त्वाचं. जोडताना पिनियनच्या दातांची संख्या आणि माप, फिरण्याची दिशा, बोल्टांमधलं अंतर आणि पिनियन पुढे किती सरकतो, हे चारही जुळलं पाहिजे. तीन जुळली म्हणून चालत नाही, रिंग गिअर खाल्ला जातो आणि मग गिअरबॉक्स उतरवायची वेळ येते.

आणि इथं समोर फाउंड्रीतली मंडळी बसलीत, तर तुमच्यासाठी खास. सेल्फची नाकाडी, म्हणजे बोल्ट लागतात तो पुढचा ॲल्युमिनियमचा भाग, हातात घ्या आणि त्याच्या कानांच्या, म्हणजे बोल्टाची भोकं असलेल्या पाकळ्यांच्या, मुळाशी बघा. ओतकामात राहिलेली हवेची भोकं, ब्लो होल, तुमच्या नजरेतून सुटणार नाहीत. इग्निशनचं टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, जास्त पुढे घेतलेलं इंजिन स्टार्ट होताना उलटा झटका मारतं, आणि तो झटका नेमका याच कानांवर येतो. स्वस्तातला सेल्फ इथंच तुटतो. म्हणून चांगल्या सेल्फसोबत क्रँकिंगच्या वेळचं टायमिंग मागे आणणंही आलंच.

हलक्या सेल्फमध्ये दोन जाती आहेत, फील्ड कॉइलच्या, म्हणजे तांब्याच्या वेटोळ्यांनी चुंबकत्व तयार करणाऱ्या, आणि कायमच्या चुंबकाच्या. चुंबकाचा आणखी हलका, पण ती फेराइट चुंबकं ठिसूळ असतात. सेल्फ उचलला नाही की पाना घेऊन त्यावर ठोकायची आपली जुनी सवय आहे. कार्बन अडकलेल्या जुन्या सेल्फवर ती चालायचीही. चुंबकाच्या सेल्फवर एक टोला बसला की चुंबक तडकतं आणि तुकडा आर्मेचरमध्ये जातो. तुमच्या ओळखीच्या प्रत्येक मेकॅनिकला हे सांगा.

पण नवा सेल्फ घेण्याआधी मल्टिमीटर घ्या. इंजिन गरम असताना, ते पेटू नये म्हणून इग्निशनची जोडणी काढून, सेल्फ मारा आणि बॅटरीच्या प्लसपासून सेल्फवर जाड वायर लागते त्या बोल्टपर्यंत किती व्होल्ट पडतात ते मोजा. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. मग इंजिनाच्या ब्लॉकपासून बॅटरीच्या मायनसपर्यंत मोजा, तिथं पाव व्होल्ट पुरे झाला. वजन मागे जावं म्हणून बॅटरी डिकीत नेणाऱ्यांनी तर हे मोजलंच पाहिजे. २५ चौरस मिलिमीटरची पाच मीटर तांब्याची वायर २०० अँपिअरला जवळजवळ ०.७ व्होल्ट खाते. ५० ची घातली तर निम्म्यावर येतं. पुष्कळदा दोष वायरीत किंवा गंजलेल्या अर्थिंगच्या पट्टीत निघतो आणि सेल्फ उगाच बदलला जातो. आपल्याकडे पावसाळ्यात कणकुंबीकडे जी तांबडी माती उडते, ती त्या पट्टीखाली जाऊन बसते, त्यामुळे दर दसऱ्याला ती जागा घासून काढावी.

बसवताना सेल्फ आणि हेडरच्या मध्ये पातळ पत्र्याची ढाल घालाच, दोघांनाही न चिकटवता, मधे हवेला जागा ठेवून. सेल्फला पाणी निचरायचं भोक असेल तर ते खाली राहील असं बघा. नाकाडी फिरवता येणाऱ्या सेल्फमध्ये ते सहज वर जातं आणि जुलैत आत पाणी साठतं. आणि सलग दहा सेकंदांच्या वर मारू नका, मधे अर्धा-एक मिनिट थांबा. चार्ल्स केटरिंगनं १९१२ च्या कॅडिलॅकसाठी सेल्फ केला तेव्हा त्याची सारी हुशारी हीच होती, की काही सेकंदच चालायची मोटर लहान ठेवून तिच्यावर भरपूर भार टाकता येतो. मोटर जितकी लहान, तितकी ती लवकर तापते, हे हलका सेल्फ घेणाऱ्यानं विसरायचं नाही.

आता कुणीतरी लिथियम बॅटरीचं विचारलंत. वजनच उतरवायचं असेल तर सेल्फपेक्षा तिथं जास्त उतरतं, हे खरं. पण ती बॉनेटखाली, हेडरच्या बाजूला ठेवू नका, आणि अल्टरनेटर किती व्होल्ट देतो ते तपासल्याशिवाय जोडू नका. बाकी प्रश्न बाहेर गाडीपाशी घेऊ. बॉनेट उघडंच ठेवलंय, मीटर पण आणलाय.