व्हॅनचा कॅम्पर केला, आणि गाडी उलार झाली

(व्हॅनच्या मागच्या दारापाशी उभा. दार बंद.)

नमस्कार मंडळी! व्हॅनचा कॅम्पर, म्हणजे आत राहता-झोपता येईल अशी गाडी केली, ती आज पाठीकडून दाखवतोय, कारण माझ्या बहुतेक चुका इथंच झाल्यात.

आमच्या आजोबांची बैलगाडी होती. ऊस भरायला लागलं की ते खालून ओरडायचे, "मागं किती टाकतोस रे, उलार होईल की!" उलार म्हणजे काय, तर मागं बोजा जास्त झाला की गाडी पुढून उचलते, जू मानेवर बसत नाही आणि जोतं बैलाच्या गळ्याला काचतं. हा शब्द मी पंचवीस-तीस वर्षं विसरलो होतो. गोव्याकडं जाणाऱ्या चोर्ला घाटाच्या वाटेवर आठवला.

(दार उघडतो. आत पलंग, फळ्या, पाण्याची टाकी.)

आधी गाडीविषयी दोन शब्द. आमच्या बेळगावात हिला कुणी व्हॅन म्हणत नाही. टीटी, म्हणजे टेम्पो ट्रॅव्हलर म्हणतात, नाहीतर सरळ टेम्पो. टेम्पो हे मुळात जर्मनीतल्या हॅम्बुर्गच्या कंपनीचं नाव. १९५८ साली आपल्याकडं बजाज टेम्पो सुरू झाली आणि पुढं मागं हौदा असलेली कुठलीही गाडी टेम्पो झाली. ट्रॅव्हलर आली १९८७ साली. २००५ मध्ये कंपनीनं स्वतःचं नाव बदलून फोर्स मोटर्स केलं, पण लोकांच्या तोंडचा टेम्पो काही गेला नाही. माझी गाडी ट्रॅव्हलरच, जुनी घेतलेली. व्हीलबेस, म्हणजे पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर, ३,३५० मिलीमीटर. हा आकडा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

गाडी घेतली आणि उद्यमबागेत, आमच्या औद्योगिक वसाहतीत, एका फॅब्रिकेटरकडं नेली. तिथल्या पोरांनी मी सांगितलं तसंच केलं, त्यांची काही चूक नाही. मी काय सांगितलं? पलंग मागं, टाकी पलंगाखाली, बॅटरी टाकीशेजारी, हत्यारांची पेटी दाराला लागून. पुढं मोकळं मोकळं छान दिसतं की! दीडशे लिटरची टाकी भरली की नुसतं पाणीच दीडशे किलो. लाकूड, बॅटरी, पेटी धरून मागं तीनशे किलो सहज झाले.

पहिलीच खेप चोर्ल्याच्या वाटेवरच्या कणकुंबीला. जांबोटीपर्यंत मजेत. पुढं चढ आणि वळणं सुरू झाली, तसं स्टिअरिंग हातात हलकं लागायला लागलं. हलकं म्हणजे चांगलं वाटतं ना? नाही ओ. वळवलं की गाडी अर्धा क्षण थांबून वळायची. त्यात टाकी अर्धी रिकामी, म्हणून पाणी हिंदकळायचं. गाडी डावीकडं वळून सरळ झाली तरी पाणी अजून उजवीकडंच. आमची ही शेजारी बसलेली. ती काही बोलली नाही, फक्त वरचं हँडल धरलं. ते जास्त लागलं.

(पांढरा फळा. गाडीचं चित्र काढतो.)

आता हिशेब बघा. ही मागची चाकं, हा टेकू. पुढची चाकं टेकूपासून ३.३५ मीटरवर. मी तीनशे किलो ठेवले टेकूच्या मागं, साधारण एक मीटरवर. तीनशे गुणिले एक मीटर, भागिले ३.३५, म्हणजे जवळजवळ नव्वद. एवढं वजन पुढच्या चाकांवरनं उचललं गेलं. आणि मागच्या चाकांवर तीनशे नाही, तीनशे नव्वद बसले. गाडीला वळवतात पुढची चाकं, ब्रेकचा मोठा भारही त्यांच्यावरच. त्यांनाच मी हलकं करून बसलो. हेच तीनशे किलो पुढच्या-मागच्या चाकांच्या मधोमध ठेवले असते, तर दोन्हीकडं दीडदीडशे वाटले गेले असते आणि मला हा व्हिडिओ करावा लागला नसता.

तुमची गाडी कशी आहे ते बघायला फार खटाटोप नाही. साखर कारखान्याजवळ, हायवेला काटा असतोच. पूर्ण गाडीचं वजन करा, मग फक्त पुढची चाकं काट्यावर चढवून परत करा. वजाबाकी केली की मागचं कळलं. मात्र गाडी रिकामी नेऊ नका. पाणी, डिझेल, गॅस, अंथरूण, माणसं, सगळं भरून न्या. मग आकडे गाडीवरच्या कमाल वजनाच्या प्लेटशी आणि टायरच्या क्षमतेशी ताडून बघा. काट्यावाला विचारतो, "माल काय आहे?" मी म्हटलं, "संसार."

बाकीच्या मालकांशी बोललो, तर प्रत्येकाचं रडगाणं शेवटी मागच्या भागाशीच येतं. खानापूरचे एक काका लग्नाची वऱ्हाडं नेतात, त्यांची गाडी माझ्याहून लांब. ते म्हणाले, "पुढचं कोण पण वळवतंय, शेपटीचं बघ." मागच्या चाकांच्या मागं गाडीचा जो भाग लोंबतो, तो तुम्ही उजवीकडं वळलात की आधी डावीकडं झुलतो. बेळगावातल्या शहापूरच्या गल्लीत भिंतीला लावलेली स्कूटर त्याच झोल्यात जाते. आरशात बघेपर्यंत काम झालेलं असतं. यावर इलाज एकच, गाडी आधी थोडी पुढं जाऊ द्यायची आणि वळण उशिरा घ्यायचं. आणि गणपतीचे मांडव पडले की गल्लीत टीटी घालायचीच नाही. मी एकदा घातली होती. चाळीस मिनिटं रिव्हर्स, आणि अख्खी गल्ली मार्गदर्शनाला.

निपाणीचा एक दोस्त वाऱ्याला वैतागलाय. गाडी उंच, बाजू सपाट, म्हणजे शीडच की. तवंदी घाटाच्या अंगाला मोठा ट्रक ओलांडून गेला की आधी ढकलल्यासारखं होतं, मग ओढल्यासारखं. दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा, वेग उतरवा. चालक सोडून आठपेक्षा जास्त माणसांची गाडी असेल, तर केंद्राच्या २०१८ च्या अधिसूचनेप्रमाणं दुभाजकाच्या चौपदरीवर कमाल ९०, साध्या रस्त्यावर ६०. स्थानिक पाटी कमी सांगत असेल तर पाटीचं ऐका.

घाट उतरताना गिअरवर उतरा. ज्या गिअरात चढाल त्यातच उतरायचं, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत, आणि ती खरी आहे. पाय ब्रेकवर ठेवून उतरलात तर ब्रेकचे लायनर तापतात, वास येतो, पेडल खाली जातं. वास आला की बाजूला घेऊन थांबा. तापलेल्या चाकावर पाणी मारू नका, लोखंड वाकडं होतं. आणि तिलारीचा घाट? मोठ्या व्हॅननं नकोच. आंबोली किंवा चोर्ला बरा.

(आत पलंगावर बसून.)

कागदांचं पटकन सांगतो. सीट काढून पलंग बसवणं हा मोटार वाहन कायद्यानं गाडीतला बदल आहे, कलम ५२. आधी आरटीओला विचारायचं, मग वेल्डिंग. खासगी वापराची कॅम्पर व्हॅन असा वेगळा वर्ग नोंदणीत आहे. मी आधी वेल्डिंग केलं. चार महिने गाडी दारात उभी होती. लायसन्सचं म्हणाल, तर ७,५०० किलोपर्यंतची गाडी हलक्या वाहनात मोडते, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं हे पुन्हा स्पष्ट केलंय.

आता झोपायचं. पावसाळ्यात झोपलाय कधी गाडीत? आंबोलीत वर्षाला सात हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस पडतो. पत्र्यावर तो आवाज एक तास भारी वाटतो, मग कापूस शोधता. त्याहून त्रासाचा श्वास. चार माणसं रात्रभर बंद पत्र्यात श्वास सोडतात, ती वाफ गार पत्र्याला लागून पाणी होते. सकाळी गादी खालून ओली. म्हणून गादीखाली फळ्यांत फटी ठेवल्या, आणि छताला एक पंखा, आतली हवा बाहेर टाकणारा. गॅसची शेगडी असेल तर जमिनीलगत भोक हवंच, गॅस हवेपेक्षा जड असतो, खाली साचतो. बॅटरीवर एसीचं स्वप्न बघू नका. १२ व्होल्टची २०० अँपिअर-तासांची बॅटरी, म्हणजे अडीच युनिटच्या आत. पंखा, दिवे, छोटा फ्रीज यांना ती भरपूर. एसी लावलात तर मध्यरात्रीच घामानं उठाल.

मुक्काम कुठं? भीमगड अभयारण्याच्या हद्दीत वाटेल तिथं थांबायचं नाही, हे आधीच सांगतो. आम्ही ओळखीच्यांच्या अंगणात लावतो. लोक बाहेर येऊन विचारतात, "वऱ्हाड कुठलं ओ?" मग चहा, मग भाकरी, आणि आमची शेगडी पेटतच नाही.

(उतरतो, मागचं दार लावतो.)

तर आता टाकी सत्तर लिटरची केली, आणि ती पुढच्या-मागच्या चाकांच्या मध्ये. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागं. हत्यारांची पेटी निम्मी घरी. परवा परत काट्यावर गेलो, तर पुढचा आकडा एकशे वीस किलोनं वाढलेला. ती चिठ्ठी बाबांना दाखवली. त्यांनी चष्मा लावून नीट वाचली आणि म्हणाले, "होय रे, पण तुझी आई कुंद्याचे डबे मागंच ठेवणार बघ."