सूर्याकडे पाठ करा

मंडळी, विषय ठरला आहे ‘वाळूच्या टेकडीवर चढावं कसं’. तिकडे येतोच, पण आधी एक तक्रार ऐकून घ्या.

लोक वाळवंटात सूर्यास्त बघायला जातात आणि सूर्यच बघतात! गाडी दहा मिनिटं आधी पोचते, सगळे फोन पश्चिमेला वळतात, बिंब बुडालं की सगळे उतरणीला लागतात. राजस्थानातल्या थर वाळवंटाच्या अक्षांशावर क्षितिजाला टेकलेलं बिंब अडीचेक मिनिटांत दिसेनासं होतं. तेवढ्यासाठी एवढा प्रवास? बिंब गच्चीवरूनही तेच दिसतं. वाळू मात्र इथेच आहे, म्हणून तासभर आधी पोचा आणि सूर्याकडे पाठ करा.

मावळायच्या सुमारे 25 मिनिटं आधी सूर्य क्षितिजापासून 5 अंशांवर असतो. तेव्हा सावली उंचीच्या अकरा पट पडते. आता उकिडवं बसा आणि पायाशी बघा. वाऱ्याने उठवलेल्या वळ्या जेमतेम अर्धा सेंटिमीटर उंच, एकमेकींपासून आठ-दहा सेंटिमीटरवर. प्रत्येकीची सावली पाच-साडेपाच सेंटिमीटर, म्हणजे निम्म्याहून जास्त जमीन काळी. दुपारी हीच वाळू सपाट दिसत होती. वळीच्या माथ्यावर जाडे कण असतात, खोबणीत बारीक. तेही याच उजेडात नीट कळतं.

आता टेकडीकडे बघा. थरमध्ये जोराचा वारा उन्हाळ्यात नैर्ऋत्येकडून येतो. त्यामुळे बऱ्याच टेकड्यांची नैर्ऋत्येची बाजू 10-15 अंशांची, सौम्य, आणि ईशान्येची 32-34 अंशांची, खडी. डिसेंबरात सूर्यही पश्चिमेच्या 26 अंश दक्षिणेला मावळतो. म्हणजे एक बाजू पूर्ण उजळलेली, दुसरी पूर्ण सावलीत आणि मधे धारेची एकच रेघ. फोटो हिचा काढायचा, बिंबाचा नव्हे.

बिंब गेल्यावरही उठू नका. पूर्वेला निळसर-करडा पट्टा वर सरकतो, त्याच्या डोक्यावर गुलाबी कड असते. तो पट्टा म्हणजे पृथ्वीची सावली. आकाश स्वच्छ असेल तर बॅटरीशिवाय चालण्यापुरता उजेड पुढे वीसेक मिनिटं पुरतो, तेव्हा घाई कशाला?

चिठ्ठी आली, वेळ संपत आलाय. आता चढण्याचं, पटापट.

खड्या बाजूने चढू नका. तिथली वाळू घसरण्याच्या बेतातच असते, प्रत्येक पावलाला अर्धं पाऊल मागे जातं. वाऱ्याकडची बाजू ठोकून बसलेली असते. तिथून तिरकं चढा, मग धारेवरून चाला. उतरताना खडी बाजू चालेल, फक्त टाच रोवत, आणि खाली कुणी उभं नाही हे बघून.

निघण्यापूर्वी गाडीची जागा फोनच्या नकाशात नोंदवा. अंधारात सगळ्या टेकड्या सारख्या दिसतात आणि पावलांचे ठसे वारा पुसतो. कोरडी वाळू वरून झपाट्याने गार होते, तेव्हा थंडीत स्वेटर हवाच. कॅमेऱ्याची लेन्स टेकडीवर बदलू नका. काचेवर कण बसले तर फुंकणीने किंवा कोरड्या ब्रशने झाडा, फडक्याने घासू नका. वाळूतला क्वार्ट्झ काचेपेक्षा कठीण असतो, ओरखडा कायमचा पडतो.