दवात भिजलेली धूळ : मराठवाड्याच्या हिवाळ्यात गाडीची धुलाई

(दृश्य : परभणीबाहेरचा रस्ता, डिसेंबरातील सकाळ. उघड्यावर उभ्या गाड्यांच्या टपांवर दव.)

परभणीच्या थंडीची नोंद वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात दररोज घेतली जाते आणि काही हिवाळ्यांत तिथला पारा पाच अंश सेल्सिअसच्याही खाली उतरलेला आहे. नळातले पाणी गोठावे इतकी ही थंडी नसते. मात्र रात्रभर उघड्यावर राहिलेल्या मोटारीचा पत्रा भोवतालच्या हवेपेक्षाही गार पडतो, कारण निरभ्र आकाशाच्या दिशेने त्याची उष्णता सतत निघून जात असते आणि तो पातळ असल्यामुळे मुळात तिचा साठा फारसा नसतो. अशा गार पत्र्यावर हवेतल्या बाष्पाचे पाणी होते. शेडमध्ये किंवा दाट झाडाखाली लावलेली गाडी त्याच रात्री जवळजवळ कोरडी राहते, कारण तिच्यावर आडोसा असतो.

दव धुळीवर पडते आणि तिचा पातळ चिखल होतो. सकाळी सहा-सात वाजता गावोगावी चालक गाडीतले फडके काढतात आणि हे आयते पाणी वापरून बोनेट, टप, दरवाजे पुसून घेतात. दहा मिनिटांत गाडी स्वच्छ दिसू लागते, पाणीही खर्च होत नाही, म्हणून ही पद्धत सोयीची वाटते. आमच्या मते मराठवाड्यात गाडीच्या रंगाचे सर्वाधिक नुकसान याच दहा मिनिटांत होते.

(दृश्य : बोनेटवरून फिरणारे सुती फडके. जवळून घेतलेला, उन्हात चमकणाऱ्या गोल ओरखड्यांचा देखावा.)

आपल्याकडच्या रस्त्यांवरील धुळीत काळ्या मातीबरोबर बेसाल्ट खडकाचा बारीक चुरा असतो. रस्त्याची खडी याच खडकाची असते, क्रशरमधून उडणारी पूडही याचीच असते. बेसाल्टमधील फेल्डस्पार हे खनिज मोह्सच्या एक ते दहा अशा काठिण्य श्रेणीवर साधारण सहाच्या जागी येते, म्हणजे ते खिडकीच्या काचेपेक्षाही किंचित कठीण असते. गाडीच्या रंगावर जो पारदर्शक थर असतो, ज्याला कारागीर क्लिअर कोट म्हणतात, तो काचेहून कितीतरी मऊ असतो आणि त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन भरते. माणसाचा केस सुमारे 70 मायक्रॉन जाडीचा धरला, तर रंगाचे हे संरक्षण केसाएवढ्याही जाडीचे नाही. त्यावरून ओल्या फडक्याने खडकाचा चुरा रोज गोल-गोल फिरवला की सूर्यप्रकाशात दिसणारी ती बारीक जाळी पडते. गाडी काळी किंवा गडद निळी असेल, तर दोन हिवाळ्यांतच ती म्हातारी दिसू लागते.

ही जाळी बफिंगने काढता येते, पण बफिंग म्हणजे त्याच पातळ थरातले काही मायक्रॉन घासून कमी करणे. गाडीच्या आयुष्यात हे काम मोजक्याच वेळा करता येते. ज्या केंद्रात दर दिवाळीला बफिंग करून घेण्याचा आग्रह धरला जातो, तिथे ग्राहकाने हात आखडता घ्यावा, असे आम्हाला स्पष्टपणे वाटते.

(दृश्य : शहराबाहेरचे धुलाई केंद्र. रॅम्पवर चिखलाने भरलेली जीप.)

या केंद्रातील सर्वांत अनुभवी कारागिराला सगळे मामा म्हणतात. आज सकाळी साडेसातला ऊसपट्ट्यातून एक शेतकरी गाडी घेऊन आले आहेत. त्यांना दुपारी सोयरिकीसाठी नांदेडला जायचे आहे, म्हणून ते घाई करतात.

"मामा, लौकर हात लावा की. पाहुणे वाट बघायलेत."

"भाऊ, जरा ऊन वर येऊ द्या. आत्ता फडकं फिरवलं तर कलरला जाळी पडंल. तवर मी खालचा चिखल भिजवून घेतो."

मामांच्या या उत्तरात कामाचा सगळा क्रम आहे. गाळप हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये सुरू होतो आणि पुढचे काही महिने ट्रॅक्टर-ट्रॉल्या शेतातली काळी माती टायरांबरोबर डांबरी रस्त्यावर आणत राहतात. याच काळात ज्वारी-हरभऱ्याला पाणी सुटलेले असते, त्यामुळे शिवारातल्या वाटाही ओल्या असतात. काळ्या मातीतील माँटमोरिलोनाइट नावाचे चिकणखनिज पाणी शोषून फुगते आणि वाळताना आकसून घट्ट बसते. मडगार्डच्या आतल्या बाजूला बसलेला असा थर दिवसभर कोरडा दिसला, तरी आतून ओल धरून ठेवतो आणि पत्र्याच्या जोडांना गंज तिथूनच लागतो. हा थर पत्रीने किंवा स्क्रू ड्रायव्हरने खरवडू नये. त्यावर पाणी मारून पंधरा-वीस मिनिटे थांबावे, माती फुगून सैल झाली की पुन्हा पाणी मारावे आणि मगच प्रेशर पंप लावावा. पंपाचे तोंडही रबरी पट्ट्या, जुना रंग आणि टायरची बाजू यांपासून हातभर लांब धरावे लागते.

(दृश्य : बोअरच्या नळीतून पडणारे पाणी, त्यातून निघणारी वाफ.)

थंडीत धुलाईचा विषय निघाला की पहिली शंका पाण्याची येते. मराठवाड्याला इथे निसर्गाने एक सवलत दिलेली आहे. जमिनीत खोलवर असलेल्या पाण्याचे तापमान ऋतूप्रमाणे फारसे बदलत नाही, ते त्या भागातील वर्षभराच्या सरासरी तापमानाच्या आसपास राहते. त्यामुळे थंडीच्या पहाटे विहिरीचे आणि बोअरचे ताजे पाणी हाताला कोमट लागते आणि त्यातून वाफा निघताना दिसतात. गच्चीवरच्या टाकीत रात्रभर राहिलेले पाणी मात्र बोटे बधिर करते. धुलाईसाठी ताजे उपसलेले पाणी घेतले, तर शाम्पूचा फेस नीट होतो, तेलकट काजळी लवकर सुटते आणि धुणाऱ्याच्या हातांचे हाल कमी होतात. उकळते पाणी ओतण्याचा मोह मात्र टाळलाच पाहिजे. खडी उडून काचेला बारीकसा तडा गेलेला असेल आणि काच सहा-सात अंशांवर असेल, तर गरम पाण्याच्या एका मगाने तो तडा या टोकापासून त्या टोकापर्यंत धावतो.

बोअरच्या पाण्याचा दोष जडपणाचा आहे. बंबाच्या किंवा हिटरच्या आत जे पांढरे क्षार चढतात, तेच कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार थेंब वाळल्यावर रंगावर आणि काचेवर डाग होऊन बसतात. मे महिन्यात तापलेल्या बोनेटवर पाणी पडताक्षणी वाळते आणि असा डाग टाळणे जवळजवळ अशक्य होते. हिवाळ्यात पाणी सावकाश वाळते, त्यामुळे एकेक भाग धुऊन निवांत पुसायला वेळ मिळतो. म्हणूनच सकाळी दहा ते दुपारी तीन-चारपर्यंतचे हिवाळ्यातले ऊन हे मराठवाड्यात गाडीवर बारकाईने काम करण्याचे सर्वांत चांगले दिवस आणि सर्वांत चांगले तास आहेत, असे मामा म्हणतात आणि ते आम्हाला पटते. जुना डाग असेल, तर पांढऱ्या व्हिनेगरमध्ये तेवढेच पाणी मिसळून तो हलक्या हाताने पुसावा आणि ती जागा लगेच धुऊन काढावी.

(दृश्य : दोन बादल्या, मायक्रोफायबरचा हातमोजा, फेसाने झाकलेली जीप.)

दहा वाजले आहेत, पत्र्यावरचे दव गेले आहे. प्रथम साध्या पाण्याचा फवारा वरून खाली मारला जातो आणि नंतर फेस चढवला जातो. थंडीत रसायनांची क्रिया मंद होते, पण फेसही लवकर वाळत नाही, त्यामुळे तो उन्हाळ्यापेक्षा थोडा जास्त वेळ ठेवता येतो. हाताने धुताना एका बादलीत शाम्पूचे पाणी आणि दुसरीत साधे पाणी असते. हातमोजा दर वेळी आधी साध्या पाण्यात झटकून मगच शाम्पूत बुडवायचा, म्हणजे सुटलेली खर पुन्हा गाडीवर जात नाही. दरवाजांचा खालचा भाग आणि चाके सर्वांत शेवटी, वेगळ्या कापडाने धुवावीत. कपड्यांच्या पावडरने गाडी धुण्याची रीत अजून बऱ्याच घरी आहे, परंतु ती पावडर क्षारधर्मी असते आणि रंगावरचे मेणाचे संरक्षण उतरवून टाकते. डिझेलचा बोळा फिरवून आणलेली चमक तर काही तासांत धूळ ओढून घेते आणि रबराला फुगवते.

दोन बादल्यांच्या या पद्धतीत तीस-चाळीस लिटर पाण्यात साधारण मळलेली गाडी नीट निघते. उघडी सोडलेली नळी मिनिटाला दहा-पंधरा लिटर सहज घेते आणि अर्धा तास चालू राहिली, तर हा हिशेब कुठल्या कुठे जातो. हे बोलण्याचा मराठवाड्याला अधिकार आहे. एप्रिल 2016 मध्ये लातूरसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या गाडीच्या पहिल्या फेरीत दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते. त्या उन्हाळ्यात घागरीसाठी रांगेत उभ्या राहिलेल्या माणसांसमोर नळी सोडून गाडी धुणे कोणाच्याही मनाला पटले नसते. डिसेंबरात विहिरीला पाणी असते म्हणून ते मोजायचे नाही, असे होत नाही.

(दृश्य : मेणाची डबी, खोबरेल तेलाची थिजलेली बाटली.)

धुतल्यानंतर पॉलिश आणि मेणाचे काम येते. खोबरेल तेल साधारण 24 अंशांच्या खाली थिजते, तसेच डबीतले मेणही गारठ्यात घट्ट होते आणि रंगावर सारखे पसरत नाही. डबी थोडा वेळ उन्हात ठेवली की ते मऊ येते. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नौबा मेण या कामात फार वापरले जाते. अलीकडे सिरॅमिक कोटिंगची, म्हणजे रंगावर चढवल्या जाणाऱ्या कडक पारदर्शक संरक्षक थराची, मागणी तालुक्याच्या गावापर्यंत पोहोचली आहे. त्यासाठी पत्रा पूर्ण कोरडा हवा, आणि थंडीत ते कोटिंग पक्के व्हायला जास्त वेळ लागतो. संध्याकाळी कोटिंग करून गाडी रात्री अंगणात उभी केली, तर कच्च्या थरावर दव बसते आणि पांढुरके डाग कायमचे राहू शकतात.

(दृश्य : बर्फाळ घाट, बर्फात उभी गाडी.)

परदेशातील चित्रफिती पाहून पुष्कळ जण इथेही तशीच साधने मागतात, म्हणून खऱ्या गोठणाऱ्या थंडीचा फरक सांगणे आवश्यक आहे. कॅनडा किंवा अमेरिकेच्या उत्तर भागात रस्त्यावरचा बर्फ वितळवण्यासाठी मीठ टाकतात. मिठामुळे पाण्याचा गोठणबिंदू उतरतो, पण तेच खारे पाणी गाडीच्या खालच्या बाजूला लागून लोखंड खाते. त्यामुळे तिथे भर हिवाळ्यातही पारा शून्याच्या वर असेल ते तास गाठून गाडीचे पोट धुवावे लागते. धुऊन झाल्यावर दरवाजांच्या रबरी पट्ट्या कोरड्या केल्या नाहीत, तर दार चिकटून बसते आणि जोर केला की रबर फाटते. त्यासाठी पट्ट्यांना सिलिकॉन लावतात. ओल्या ब्रेकवर हँडब्रेक ओढून ठेवला, तर तो जागीच गोठू शकतो. मराठवाड्यातून जानेवारीत मनालीकडे किंवा लडाखला गाडी घेऊन जाणाऱ्यांनी ही खबरदारी घ्यावी आणि काच धुण्याच्या टाकीत साधे पाणी न ठेवता न गोठणारा द्रव भरावा. परभणी-हिंगोलीत यांपैकी कशाचीही गरज नाही.

गाडीच्या आतले काम थोडक्यात सांगण्यासारखे आहे. मॅट काढून उन्हात पूर्ण वाळवावेत, कारण ओल आत राहिली की पहाटे काचांवर आतून धुके धरते. काचा आतूनही पुसाव्यात.

या कामात हात कोणाचे असतात, याकडे सहसा कोणी पाहत नाही. पाणी, शाम्पू आणि वारा यांनी डिसेंबर ते फेब्रुवारी या काळात धुणाऱ्यांच्या बोटांना भेगा पडतात. मामांच्या केंद्रात रबरी हातमोजे आणि गमबूट घातल्याशिवाय रॅम्पवर कोणी उतरत नाही, आणि दर गाडीनंतर हातांना व्हॅसलीन लावण्याची सक्ती आहे. प्रत्येक मालकाने एवढा खर्च करायलाच हवा, आणि ग्राहकानेही धुलाईचे पाच-पन्नास रुपये जास्त पडले म्हणून कुरकुर करू नये.

(दृश्य : जीप रॅम्पवरून उतरते, मामा चालकाशी बोलतात.)

जीप तयार झाली आहे. मामा गाडीमालकांना रस्त्याला लागताच मोकळ्या जागी दोन-तीन वेळा हळू ब्रेक दाबायला सांगतात, म्हणजे डिस्कवरचे पाणी निघून जाते. नांदेडला रात्री मुक्काम असेल, तर गाडी आडोशाला लावावी आणि सकाळी दव पडलेले दिसले तरी फडके न फिरवता फक्त समोरची काच वायपरने साफ करून निघावे, तीही आधी भरपूर पाणी उडवून, असे ते बजावतात.