भरलेली टाकी, आखूड उडी

१९८४ सालच्या 'एलिट' या अंतराळप्रवासाच्या कॉम्प्युटर गेममध्ये जहाजाचं इंधन टनांत मोजतच नसत. टाकी भरली की पडद्यावर आकडा दिसायचा सात प्रकाशवर्षं. तीन प्रकाशवर्षांवरच्या ताऱ्याकडे उडी मारली की उरले चार. डेव्हिड ब्रेबन आणि इयन बेल यांनी बीबीसी मायक्रो या घरगुती कॉम्प्युटरच्या तुटपुंज्या मेमरीत आठ आकाशगंगा बसवल्या होत्या, प्रत्येकीत २५६ ग्रह. तिथे इंधनाला वजन द्यायची चैन कोण करणार?

तीस वर्षांनी, डिसेंबर २०१४ मध्ये 'एलिट डेंजरस' आला आणि ही सोय गेली. आता आपली आकाशगंगा खऱ्या मापाची, सुमारे ४०० अब्ज ताऱ्यांची. आणि टाकीतल्या प्रत्येक टनाचा भार जहाजावर. नवा खेळाडू इथेच गोंधळतो. बंदरात जहाज सजवताना पडद्यावर एक जंप रेंज, म्हणजे एका उडीचा पल्ला, दिसते, टाकी भरून बाहेर पडलं की दुसरीच. गेममध्ये बग आहे म्हणून तक्रार करणारे मला दरवेळी भेटतात. बग नाही, मंडळी. जास्तीत जास्त म्हणून जी रेंज दाखवतात ती जेमतेम एका उडीपुरतं इंधन टाकीत आहे असं धरून. तशा अवस्थेत आपण कधी प्रवासाला निघत नाही.

फळ्यावर सूत्र लिहितो. एवढं एकच आहे, घाबरू नका. उडीचं अंतर गुणिले जहाजाचं एकूण वजन, भागिले ड्राइव्हचं, म्हणजे उडी मारणाऱ्या इंजिनाचं, 'ऑप्टिमल मास' (प्रत्येक ड्राइव्हला ठरवून दिलेला वजनाचा आकडा). जे येईल त्याचा २.४५ वा घात घ्या आणि ०.०१२ ने गुणा. आलं उत्तर, इतके टन इंधन जळणार. हे आकडे पाचव्या क्लासच्या ए दर्जाच्या फ्रेम शिफ्ट ड्राइव्हचे (क्लास म्हणजे आकार, दर्जा ए ते ई). त्याचं ऑप्टिमल मास १,०५० टन आणि एका उडीत तो ५ टनांपेक्षा जास्त इंधन घेत नाही. ड्राइव्ह मोठा झाला की घातांकही वाढतो, सहाव्या क्लासला तो २.६ आहे.

आता हा ड्राइव्ह बसवलेलं 'ॲस्प एक्स्प्लोरर' घेऊ. नुसत्या सांगाड्याचं वजन २८० टन, टाकी ३२ टनांची. सामान वगैरे धरून, टाकी काठोकाठ भरल्यावर एकूण ४०० टन होतात असं माना. पहिली उडी पडते ३०.८ प्रकाशवर्षांची. पाच टन जळाले, जहाज ३९५ वर आलं, पुढची उडी ३१.२. मग ३१.६, ३२, ३२.४ आणि सहावी ३२.८. टाकीत दोन टन उरतात, त्यात कशीबशी २३ ची एक उडी निघते. सगळं मिळून सुमारे २१४ प्रकाशवर्षं. आणि पाचच टन इंधन घेऊन निघालात तर? तर एकच उडी, पण ३३ ची.

म्हणजे भरलेल्या आणि जवळजवळ रिकाम्या टाकीत फरक किती, तर सव्वादोन प्रकाशवर्षांचा. सात टक्के. इंधनाच्या वजनाचा एवढा बाऊ होतो त्या मानाने हे काहीच नाही. खऱ्या रॉकेटचं गणित त्सिओल्कोव्हस्कीने १९०३ मध्ये मांडलं, त्यात इंधन उचलायलाच इंधन लागतं आणि त्यालाही आणखी. चांद्रयान-३ साधारण ३,९०० किलोंचं, ते नेणारं एलव्हीएम-३ रॉकेट उड्डाणाच्या वेळी सुमारे ६४० टनांचं. आपल्या ॲस्पमध्ये इंधन एकूण वजनाच्या अवघं आठ टक्के आहे. गेमवाल्यांनी आपल्यावर दयाच केली म्हणायची.

मग इंधन खातं कोण? फळ्यावरच्या त्या घाताकडे पुन्हा बघा. ३०.८ ची उडी पाच टन खाते. तेच अंतर दोन सारख्या उड्यांत कापलंत तर प्रत्येक उडीला एक टनही लागत नाही, ०.९२ लागतो. दोन्ही मिळून १.८३. तीच टाकी जवळपास पावणेतीनपट पुरते. गॅलेक्सी मॅपमध्ये 'फास्टेस्ट' आणि 'इकॉनॉमिकल' असे दोन पर्याय दिसतात त्यांच्या मागे हे आहे. किफायती मार्ग निवडला की उड्यांची संख्या बघून जीव दडपतो, पण टाकीचा काटा हलता हलत नाही.

आणि तोच घात वजनावरही चढतो हे विसरू नका. वजन दहा टक्के वाढलं तर तेवढ्याच उडीला इंधन २६ टक्के जास्त. म्हणून अनुभवी कमांडर, म्हणजे खेळाडू, टाकीकडे नंतर बघतो, आधी बाकीचं जहाज सोलतो. ॲस्पवरचे ई दर्जाचे सेन्सर २० टनांचे असतात, डी दर्जाचे ८ टनांचे. बारा टन एका फटक्यात, म्हणजे उडीमागे जवळजवळ एक प्रकाशवर्ष, आणि तेही कायमचं. इंधनाचं वजन वाटेत उतरत जातं, सेन्सरचं कोण उतरवणार? गडावर जाताना पाणी कमी घेणारे आणि सॅकमध्ये लोखंडी तवा घालून आणणारे भिडू आपण सगळ्यांनी पाहिलेत, तसलाच हा प्रकार.

पण डी दर्जा सगळीकडे डोळे मिटून लावू नका. लाइफ सपोर्ट डी दर्जाचा घेतला की आणीबाणीचा ऑक्सिजन साडेसात मिनिटं पुरतो, ए दर्जाचा पंचवीस. इंधन संपलं की वीज जाते आणि ते घड्याळ सुरू होतं. अशा अडकलेल्यांना इंधन पोचवणारी 'फ्युएल रॅट्स' नावाची खेळाडूंचीच टोळी आहे, २०१५ पासून हे काम करते, फुकट. ऑक्सिजनचा काउंटडाउन चालू असेल तर ते आधी तुम्हाला गेममधून मुख्य मेन्यूत बाहेर पडायला सांगतात, बाकीची विचारपूस नंतर.

(श्रोत्यांतून प्रश्न आला: मग लहान टाकीच का लावू नये?)

लावतात की. खुद्द टाकीला या गेममध्ये वजन नाही, फक्त आतल्या इंधनाला आहे. ताऱ्याच्या कडेने जाऊन इंधन ओढणाऱ्या स्कूपलाही वजन नाही, हे मला आजही थोडं लबाडीचं वाटतं. सहाव्या क्लासचा ए दर्जाचा स्कूप सेकंदाला सुमारे ८७८ किलो ओढतो, म्हणजे एका मोठ्या उडीचं इंधन सहा सेकंदांत. तेव्हा आपल्या ॲस्पवर १६ टनांची टाकी लावली तर पहिलीच उडी ३२.१ ची पडते आणि एकूण पल्ला सुमारे ११५ प्रकाशवर्षं. इंधन निम्मं, पल्ला निम्म्याहून थोडा जास्त. व्यवहार वाईट नाही.

फक्त प्रत्येक तारा इंधन देत नाही. ओ, बी, ए, एफ, जी, के आणि एम हे वर्ग चालतात. तपकिरी खुजे तारे, म्हणजे एल, टी आणि वाय, चालत नाहीत, आणि त्यांचे पट्टेच्या पट्टे लागतात. अशा पट्ट्यात लहान टाकी घेऊन शिरलेला माणूस रॅट्सचं गिऱ्हाईक होतो.

आकाशगंगेच्या कडेला मात्र हे सव्वादोन प्रकाशवर्षांचं प्रकरण एकदम गंभीर होतं. सूर्यापासून सुमारे ६५ हजार प्रकाशवर्षांवर 'बीगल पॉइंट' आहे, २०१९ मध्ये हजारो खेळाडूंची एक मोहीम तिथवर गेली होती. त्या बाजूला तारे विरळ. पुढचा तारा ३२.५ वर, तुमची भरल्या टाकीची उडी ३०.८. अंतर कापायला इंधन भरपूर आहे, पण ते भरपूर आहे म्हणूनच कापता येत नाही! इथे हिशोब उलटा लागतो. आधी आसपास उड्या मारून टाकी हलकी करायची, लांब उडी शेवटी ठेवायची, आणि पलीकडचा तारा स्कूपचा आहे ना हे नकाशावर आधी बघून घ्यायचं. वाटेत सवयीने टाकी भरली की सगळं मुसळ केरात. दुसरा उपाय खनिजं जाळून ड्राइव्हला एका उडीपुरता जोर देण्याचा. साध्या मिश्रणाने २५ टक्के, मधल्याने ५०, सगळ्यात भारीने १००. पण ती खनिजं ग्रहांवर उतरून गोळा करावी लागतात, आणि हा वेळखाऊ उद्योग मला कधीच आवडला नाही.

राहिला न्यूट्रॉन तारा. त्याच्या झोतातून गेलं की पुढच्या उडीचा पल्ला चौपट होतो. आपल्या ॲस्पची ३०.८ ची उडी १२३ ची होते, इंधन जास्तीत जास्त तेच पाच टन. ड्राइव्हला थोडी इजा होते, ती वाटेत दुरुस्त करावी लागते. पण वजनाचा दंडही चौपट होतो. एरवी एक टन ओझ्यामागे ०.०८ प्रकाशवर्ष जात होतं, इथे ०.३ जातं. भरल्या आणि रिकाम्या टाकीतला फरक नऊ प्रकाशवर्षांवर पोचतो. हे बघून काही जण न्यूट्रॉनच्या वाटेवर टाकी लहान करतात. मी करत नाही. न्यूट्रॉन तारा इंधन देत नाही, पाच-सहा उड्या सलग त्याच ताऱ्यांवरून गेल्या की मधे वाट वाकडी करून साधा तारा शोधावा लागतो. ३२ टनांच्या टाकीत अशा सहा उड्या होतात, १६ च्या टाकीत तीन. आकाशगंगेच्या मध्यावरचं सॅजिटेरियस ए हे कृष्णविवर इथून सुमारे २६ हजार प्रकाशवर्षं आहे. तिथवर जाताना तीन उड्यांमागे एकदा वाकडी वाट करण्यापेक्षा नऊ प्रकाशवर्षं सोडलेली परवडतात.