आज कुणाच्या दारात?

(पहाटेचा काळोख. समुद्राची गाज. व्हॅनमध्ये हेडटॉर्चचा लाल उजेड, स्टोव्हवर चहाचं आधण.)

सव्वापाच वाजलेत. आज पौष पौर्णिमा. खिडकीची जाळी सरकवली तर समुद्राचा आवाज लांबून येतोय, म्हणजे पाणी उतरलंय.

कोकणकिनाऱ्यावर भरतीचा एक जुना हिशेब आहे. तिथीची पाऊणपट करायची, की भरतीची वेळ निघते. पौर्णिमा म्हणजे पंधरा, पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. सव्वाअकराला भरती, तर ओहोटी तिच्या सहा तास आधी, म्हणजे आत्ता. वाळूत रुतलेल्या दगडांचे पाय या वेळी उघडे पडतात. हाच हिशेब अष्टमीला लावला तर सकाळी सहाला भरती येते. अष्टमीच्या पहाटे आम्ही झोपून राहतो. व्हॅनच्या मागच्या दारावर कालनिर्णय लटकतंय ते या हिशेबासाठी. आईला वाटतं, लेक उपासतापास करायला लागली.

मी डिचोलीची. नवरा पण गोव्यातलाच. काणकोणात व्हॅनमध्ये राहून क्लाइंबिंग करायचा हा आमचा तिसरा हिवाळा.

(उजाडताना. मोठ्या गोलसर दगडांच्या काळ्या आकृती. हातांना चॉक, म्हणजे घाम टिपणारी पूड, लावण्याचा आवाज.)

इथला हिवाळा म्हणजे थंडी नव्हे. जानेवारीत पहाटे पारा विसाच्या आसपास असतो, दुपारी बत्तिशीला जातो. आम्ही थंडी शोधत नाही, आम्ही वारा शोधतो. शाळेत भूगोलात मतलई वारे आणि खारे वारे पाठ केले होते. त्यातला मतलई वारा नेमका काय असतो ते मला इथे, बोटांच्या टोकांना कळलं. रात्री जमीन समुद्रापेक्षा लवकर निवते आणि वारा डोंगराकडून समुद्राकडे वाहू लागतो. हा कोरडा वारा रात्रभर दगड पुसत राहतो. पहाटे सहाला या ग्रॅनाइटवर हात ठेवला की तो हाताला धरतो. उन्हाने जमीन तापली, की साडेदहाच्या सुमाराला वारा उलटा फिरतो आणि समुद्राची ओल घेऊन येतो. तासाभरापूर्वी जी पकड सहज मिळत होती, तिच्यावरून बोटं घसरायला लागतात. चॉक कितीही लावा.

त्यात हा पश्चिम किनारा. सूर्य डोंगरामागून, माडांच्या मागून वर येतो, त्यामुळे नऊपर्यंत दगड सावलीत असतो. सहा ते नऊ, एवढाच आमचा दिवस. डिचोलीहून रोज इथे यायचं तर रस्त्यातच दोन-अडीच तास जातील. व्हॅन घेतली ती या तीन तासांसाठी.

गोवा म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर जांभा दगड येतो, लाल आणि भोकाभोकांचा. त्याचे चिरे काढून घरं बांधतात. त्यावर दोर लावून लटकणं मात्र धोक्याचं, कारण तो हातात भुगा होऊन येतो. सत्तरीच्या टोकाला, चोर्ला घाटाच्या बाजूला बेसॉल्ट आहे, सहा-साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. काणकोणचा ग्रॅनाइट त्याहून कितीतरी जुना. साधारण अडीच अब्ज वर्षांचा. दोघांमधलं अंतर वर्षांत सांगून मनात बसत नाही. बेसॉल्ट जन्मला तेव्हा हा ग्रॅनाइट आधीच म्हातारा होता, असं मी मनाशी म्हणते. त्यातले स्फटिक डोळ्यांना दिसतात, आणि बोटांची सालं काढतात तेही तेच. दोन दिवस चढलं की तिसऱ्या दिवशी सुट्टी घ्यावीच लागते. अंगात दम असतो, बोटांना कातडी नसते.

(व्हॅनच्या आतलं दृश्य. फळीचा पलंग, खाली कप्पे, छताला पंखा.)

सुट्टीच्या दिवशी घरकाम. घर म्हणजे हे. जुनी मालवाहू व्हॅन, आत प्लायचा पलंग. पलंगाखाली दोर, हार्नेस, बूट, तांदूळ, कुळथाचं पीठ. छतावर शंभर वॅटचं सोलर पॅनल, त्यावर दोन दिवे, पंखा आणि फोन चालतात. फ्रीज नाही, त्यामुळे मासळी त्याच दिवशी आणायची आणि त्याच दिवशी संपवायची. दुमडलेलं क्रॅश पॅड, म्हणजे पडलो तर झेलणारी जाड गादी, दिवसा सोफा होतं. वीस-वीस लिटरचे दोन कॅन, दोघांना दोन दिवस पुरतात. त्यात पिणं, रांधणं, भांडी, आणि मीठ लागलेले हातपाय धुणं.

पाण्यापेक्षाही मिठाचा त्रास जास्त. खाऱ्या हवेने पहिल्याच हिवाळ्यात मागच्या दाराचे बिजागर खाल्ले. आता आठवड्याला एकदा गाडीचं पोट गोड्या पाण्याने धुतो. पहाटे काचांवर आतून दंव साचतं, ते फडक्याने पुसून काढलं नाही तर चार दिवसांत बुटांना बुरशी येते. चहा करताना दार उघडंच ठेवतो, डास आले तरी. बंद गाडीत गॅस पेटवणं जिवावर बेततं.

पहिल्या वर्षी आम्हाला यातलं काहीच माहीत नव्हतं. किनाऱ्याजवळच्या मोकळ्या जागेत गाडी लावली, बाहेर स्टोव्ह मांडून भात टाकला आणि हेच स्वातंत्र्य असं समजलो. रात्री दोनला काचेवर टॉर्च आला. उठा, इथे राहता येत नाही. पुढच्या आठ रात्रींत सहा जागा बदलल्या. गोव्यात पर्यटनाच्या ठिकाणी उघड्यावर स्वयंपाक केला तर दंड आहे. 2019 साली कायद्यात तशी दुरुस्ती झाली, तेव्हा एकट्यादुकट्याला 2,000 रुपये आणि गटाला 10,000 असा दंड होता. किनाऱ्यावर लोक किती कचरा आणि फुटक्या बाटल्या टाकून जातात ते रोज बघते, त्यामुळे हा कायदा मला पटतो. पण त्या आठ रात्री झोप लागली नाही. आई रोज संध्याकाळी फोन करायची आणि एकच विचारायची, "बाय, आज कुणाच्या दारात?"

तिचा प्रश्न मला तेव्हा टोचायचा. आपलं घर आपल्याबरोबर असताना कुणाच्या दारात कशाला जायचं?

(मातीचं अंगण. तुळशीवृंदावन. आंब्याखाली उभी व्हॅन, फांदी छताला टेकलेली.)

नवव्या दिवशी कॅन घेऊन एका घराच्या विहिरीपाशी उभी राहिले. आतून आवाज आला, "बाय, उदक जाय?"

ती मावशी. वय सत्तरीचं. मुलगा बोटीवर, सून मडगावला नोकरीला, घरात ही एकटी. पाणी दिलं, मग विचारलं राहता कुठे. सांगितलं तशी म्हणाली, रस्त्यावर कशाला, अंगण मोकळं आहे. पैसे घेतले नाहीत, आजही घेत नाही. आम्ही विहिरीचं पाणी ओढतो, तिच्या फोनचं बघतो, चावडीच्या बाजारातून तिचं सामान आणतो. सकाळी पोदेराचा, म्हणजे पाववाल्याचा, भोंगा वाजला की ती आमच्यासाठीही चार पोई घेऊन ठेवते. दगडावरून परत येईपर्यंत त्या गार झालेल्या असतात. कुळथाच्या पिठीत बुडवायला त्या गारच बऱ्या.

गाडी कुठे उभी करायची तेही तिनेच ठरवलं. आम्ही सावली बघून माडाखाली घेत होतो, तर ओरडत बाहेर आली. साठ फुटांवरून पडणारा नारळ गाडीचं छप्पर ठेवत नाही. त्यामुळे आंब्याखाली. तिथे मोहोराचा चिकटा पॅनलवर गळतो, रोज पुसावा लागतो, आणि एक खालची फांदी छताला घासते. वारा असला की रात्रभर खर्र खर्र.

तिच्या माडांवर पाडेली येतो, नारळ पाडायला. पायांत काथ्याचा वळसा, कमरेला कोयता, बाकी काही नाही. एकदा आम्ही दगडावर असताना तो बघत उभा राहिला. मी एकाच जागी पाच वेळा पडले. क्रॅश पॅडवर हात दाबून बघत म्हणाला, "तुला खाली गादी आहे म्हणून तू हाताने चढतेस. मला गादी नाही, मी पायाने चढतो." सहाव्या खेपेला मी पाय नीट ठेवले. वर गेले. इतकी वर्षं प्रशिक्षणात ऐकलेली गोष्ट त्याने सांगितली तेव्हा अंगात उतरली.

(एक उंच दगड. धार सरळ वर गेलेली. पायथ्याशी विझलेली पणती, सुकलेली फुलं.)

आणि हा दगड.

या भागात आम्ही पाहिलेली सर्वात सुंदर लाइन, म्हणजे चढायची वाट, याच्यावर आहे. डावीकडे बोटभर रुंद भेग, उजवीकडे धार, आणि वर जाता जाता दोन्ही एकत्र येतात. पहिल्या वर्षी तो दिसला त्या रात्री आम्ही दोघं झोपलो नाही, पलंगावर पडून हवेत हात हलवत मूव्ह जुळवत होतो. सकाळी सहज मावशीच्या कानावर घातलं. ती थोडा वेळ बोललीच नाही. मग म्हणाली, तो राखणदाराचा.

गोव्यात वाढलेल्या माणसाला यापुढे समजवावं लागत नाही. प्रत्येक गावाला राखणदार असतो. तो रात्री सीमेवरून फिरतो, त्याला रोट देतात, नवं काम काढायच्या आधी त्याला गाऱ्हाणं घालतात. माझ्या माहेरीही आहे. मी क्लाइंबर म्हणून त्या दगडाकडे बघत होते, आणि पायथ्याची पणती मला दिसलीच नव्हती. याची लाज मला अजून वाटते.

त्या दगडाला आम्ही हात लावलेला नाही, लावणारही नाही. बाकीच्या दगडांसाठी वाडीतल्या जाणत्या काकांनी नारळ ठेवून गाऱ्हाणं घातलं: पोरं लांबून आलीत, चुकलंमाकलं पदरात घे, पडली तर सांभाळ. मग कुठला दगड कुणाचा ते फिरून दाखवलं. दगडांचा नेमका पत्ता या फिल्ममध्ये सांगू नका असं वाडीने सांगितलंय, म्हणून तो सांगत नाही.

बोल्टचंही असंच. बोल्ट म्हणजे दोर अडकवायला दगडात भोक पाडून पक्का बसवलेला खिळा. काही दगड दहा-बारा मीटर उंच आहेत, पडलं तर गादी पुरणार नाही. त्यांना बोल्ट मारावेत का, यावर आमचा दोन हिवाळे वाद चालला. समुद्राकाठी साधं स्टेनलेस स्टीलही भरवशाचं नाही. हवेतल्या क्षारांमुळे आणि ताणामुळे त्याला आतून बारीक तडे जातात. वरून बोल्ट चकचकीत दिसतो आणि भार आला की तुटतो. थायलंडच्या समुद्रकड्यांवर असे बोल्ट काढून टायटॅनियमचे बसवावे लागले. आम्ही ड्रिल आणलंच नाही. वर झाड किंवा मोठा धोंडा असेल तर त्याला दोर बांधून टॉप-रोप करतो, नसेल तर तो दगड सोडून देतो. बोल्टवरच चढायचं झालं तर महिन्यातून एकदा घाट चढून बदामी गाठतो, तिथला वालुकाश्म त्यासाठी नावाजलेला आहे.

(रात्र. वाळूवर चांदणं. कॅमेऱ्याचा दिवा बंद.)

आमचे दिवे लाल का, तेही सांगते. आगोंद आणि गालजीबागच्या वाळूत नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. एका घरट्यात शंभरेक अंडी, साधारण पन्नास दिवसांनी पिल्लं बाहेर पडतात आणि समुद्राच्या उजळ रेषेकडे धावतात. किनाऱ्यावर पांढरा दिवा दिसला की ती त्याच्याकडे वळतात आणि सकाळपर्यंत वाळूतच संपतात. वनखातं घरट्यांना कुंपण घालून राखण करतं. त्या वाळूच्या जवळ आम्ही गाडी नेत नाही. व्हॅनमध्ये राहणाऱ्या प्रत्येकाला माझी हात जोडून विनंती आहे, तुम्हीही नेऊ नका.

(फेब्रुवारीची अखेर. पिवळी-लाल काजूची बोंडं. पॅड दोरीने बांधलं जातंय.)

काजू लागले. आता पहाटेही दगडाला घाम असतो, मतलई वाऱ्यात जोर उरला नाही. काल शेवटचं चढलो, वर बसून पाणी प्यालो, उतरलो. चॉकचे पांढरे डाग ब्रशने घासून काढले. राखणदाराच्या दगडापाशी पणती लावली.

संध्याकाळी आईचा फोन. मी काही बोलायच्या आत फोन मावशीने घेतला. अर्धा तास दोघी बोलत होत्या, एक मराठीत, एक कोंकणीत.

सकाळी निघताना बघते तर मावशी पाडेल्याला आंब्याखाली उभं करून हाताने वर काहीतरी दाखवत होती. छताला घासणारी ती फांदी पावसाच्या आधी छाटून टाक, असं त्याला सांगत होती.