एक जूनचे वाढदिवसवाले

(कोल्हापुरातील ज्येष्ठ नागरिकांसमोर दिलेल्या व्याख्यानाचा संपादित भाग)

आधी जरा हात वर करा बघू, कागदावर ज्यांची जन्मतारीख 1 जून आहे त्यांनी. वाटलंच होतं! पुढच्या रांगांत तर तुमचंच बहुमत आहे. शाळेत नाव घालायला गेल्यावर गुरुजी विचारायचे, पोरगं कधीचं? आई सांगायची, ‘बेंदराच्या आदल्या दिवशीचं, पाऊस मोप होता तवा.’ शाळा जूनला सुरू होणार, पोरगं वयात बसलं पाहिजे, म्हणून गुरुजी ठोकून द्यायचे 1 जून. मग 31 मेला सरकारी कचेऱ्यांत निरोप समारंभांना हार पुरत नाहीत.

खरं तर आईचा हिशेब पक्का होता. बेंदूर तिथीनं येतो. जन्माचं साल ठाऊक असेल, तर जुनं पंचांग काढून आजही तारीख सापडते. सापडली तरी पेन्शनच्या कागदांना हात लावू नका, एवढंच.

कोरियात तर अख्खा देश एकाच दिवशी मोठा व्हायचा. मूल जन्मलं की एक वर्षाचं, आणि पुढं दर नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी सगळ्यांचं वय एकानं वाढलं. 31 डिसेंबरला रात्री जन्मलेलं बाळ सकाळी दोन वर्षांचं! घरात एक वय, सरकारी कागदावर दुसरं. जून 2023 मध्ये कायद्यानं हा घोळ मिटवला, आणि कोट्यवधी माणसं कागदावर एक-दोन वर्षांनी तरुण झाली. व्हिएतनाममध्येही जुनी माणसं ‘तेत’च्या सणाला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, वय वाढलं असं धरतात.

साठीचं गणित मात्र आपलं आणि जपानचं फार जवळचं. त्यांच्याकडं बारा प्राण्यांची वर्षं आणि पाच तत्त्वं यांचं चक्र 60 वर्षांनी पुरं होतं. माणूस पुन्हा जन्मसालावर आला, म्हणून त्याला तान्ह्या बाळासारखी लाल टोपी आणि लाल बंडी घालतात. आपली प्रभव, विभव ही संवत्सरंही साठच. षष्ट्यब्दीला जन्माच्या वेळचं संवत्सर फिरून येतं. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेबही करून बघा: एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत साधारण साडेएकोणतीस दिवस, म्हणजे हजार पौर्णिमांना 80 वर्षं आणि जवळजवळ दहा महिने. एक्याऐंशीत पदार्पण करतानाच नातवंडं हॉल बुक करतात ते उगाच नाही.

आता खाण्याचं. केकबद्दल मी बोलणार नाही, तो सगळीकडं पोचलाय. मला आवडतं ते कोरियातलं मियोकगुक, समुद्री शेवाळाचं सूप. तिकडं ते बाळंतिणीला देतात, गेलेली ताकद भरून यावी म्हणून. आणि तेच सूप त्या मुलाला दर वाढदिवसाला सकाळी खायला घालतात, आईनं काय सोसलं ते ध्यानात राहावं म्हणून. परीक्षेच्या दिवशी मात्र कुणी शिवत नाही. शेवाळ निसरडं, आपण घसरलो तर? आपल्याकडं बाळंतिणीला अळिवाची खीर असते, डिंकाचे लाडू असतात. पण साहेबांच्या पन्नासाव्या वाढदिवसाला अळिवाची खीर केलेली कुणी पाहिलीय? पाटावर बसवून औक्षण होतं, सुपारी आणि अंगठी ओवाळली जाते. ओवाळणारी आई असते आणि कौतुक सगळं पाटावरच्याचं. यंदा एक वाटी खीर करून बघा, आणि पहिली वाटी आईच्या हातात द्या.

जर्मनीत वाढदिवसाआधी शुभेच्छा देणं अपशकुनी मानतात. एखादा जर्मन आपल्या दसरा चौकात आला तर त्याची पाचावर धारण बसेल, आपले फलक आठ दिवस आधीच लागतात. हॉलंडचा माणूस मात्र रमेल. तिकडं वाढदिवस जावयाचा असला तरी हात हातात घेऊन अभिनंदन सासूचं, सासऱ्याचं, मेव्हण्याचंसुद्धा करतात. वाढदिवसांचं कॅलेंडर घरच्या संडासात टांगतात, विसरायला नको म्हणून. त्यावर नुसती तारीख असते, वार नाही की साल नाही, त्यामुळं ते वर्षानुवर्षं चालतं. आपल्या फलकावरही वाढदिवसवाला एक आणि शुभेच्छुक तीस, सगळे फोटोसकट. वय तिथंही लिहिलेलं नसतं. त्या जागी ‘भावी नगरसेवक’ असतं.