एमजीबीच्या दारांखालचा पत्रा

नमस्कार श्रोतेहो.

इंग्लंडात हिवाळा सुरू झाला की रात्री रस्त्यांवर मिठाच्या गाड्या फिरायला लागतात. बर्फ धरू नये म्हणून चेशायर परगण्यातल्या विन्सफर्डच्या खाणीतलं तांबूस खडेमीठ त्या रस्त्यावर फेकत जातात. त्यानं अपघात टळतात, ते फेकायलाच हवं. पण सकाळी तेच मीठ चिखलात कालवलं जातं, चाकांबरोबर उडतं आणि गाडीच्या पोटाखाली प्रत्येक सांदीत जाऊन बसतं. म्हणून इथे जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारचा विषय निघाला, की इंजिनाच्या आधी गंजाबद्दल बोललं जातं.

आज मला बोलायचंय ते एमजी कंपनीच्या एमजीबी या स्पोर्ट्स कारविषयी, आणि तिचा गंजका पत्रा कसा दुरुस्त करायचा याविषयी. ऑक्सफर्डच्या दक्षिणेला थेम्सकाठी ॲबिंग्डन नावाचं गाव आहे. तिथे एका जुन्या चामड्याच्या कारखान्याच्या आवारात एमजीचा कारखाना होता. १९६२ साली तिथून पहिली एमजीबी बाहेर पडली आणि ऑक्टोबर १९८० मध्ये कारखाना बंद झाला तेव्हा शेवटची. मधल्या अठरा वर्षांत पाच लाखांहून जास्त गाड्या झाल्या. उघड्या टपाची दोन माणसांची रोडस्टर आणि १९६५ पासून टपाची जीटी, असे तिचे दोन मुख्य प्रकार. जीटीच्या टपाच्या रेषेला इटलीच्या पिनिनफरिना या गाड्यांचे आकार घडवणाऱ्या कंपनीचा हात लागलेला आहे. निम्म्याहून जास्त गाड्या परदेशी गेल्या, त्यातही मुख्यतः अमेरिकेत.

तिच्या इंजिनाशी आपली ओळख जुनी आहे, हे मला मुद्दाम सांगायचंय. आपल्या ॲम्बॅसिडरचं जुनं १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन बीएमसी, म्हणजे ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशन, या कंपनीच्या बी-सिरीज घराण्यातलं. त्याच मापाचं इंजिन १९५५ च्या एमजीए या स्पोर्ट्स कारमध्ये होतं आणि तेच वाढवून १७९८ सीसीचं झालं, ते एमजीबीत बसलं. त्याला एसयू या कंपनीचे दोन कार्बोरेटर. तेव्हा टॅपेट सेट करणं, हेड खोलणं, प्लगचा रंग पाहून पेट्रोल-हवेचं मिश्रण ओळखणं ही ज्या मेकॅनिकनं ॲम्बॅसिडरवर केलेली कामं असतील, त्याच्यासमोर एमजीबीचं बॉनेट उघडलं तर तो बुजणार नाही. इंजिन ओतीव लोखंडाचं, सोशीक. सुटे भाग आजही मिळतात. म्हणून इंजिनाबद्दल मी याहून जास्त बोलत नाही. घरी जुनी गाडी नव्यानं बांधायला निघालेले बरेच लोक आधी इंजिन काढून चकचकीत करतात आणि वर्षभरानं त्यांच्या लक्षात येतं, की ते बसवायला गाडीच उरलेली नाही.

कारण एमजीबीला वेगळी चॅसी, म्हणजे शरीराखालची लोखंडी चौकट, नाही. पत्र्याचं शरीर हाच तिचा सांगाडा. त्यात रोडस्टरला टप नाही. काडेपेटीचा आतला खण बाहेर काढून दोन बोटांत धरा, तो लगेच पिळतो. रोडस्टरचं तसंच आहे. वरून बांधून धरणारं काही नसल्यामुळे सगळा भार येतो दारांखालून पुढच्या चाकापासून मागच्या चाकापर्यंत गेलेल्या दोन पोकळ तुळयांवर. त्यांना सिल म्हणतात. बाहेरून दिसतो तो एकच गुळगुळीत पत्रा. आत मात्र एक उभा पडदा असतो, त्याच्यापलीकडे आतली भिंत आणि खाली जमिनीच्या पत्र्याला धरून ठेवणारी एक वळवलेली पट्टी. ही सगळी मिळून गाडीचा कणा होतो. जॅक लावायची जागाही या सिलच्याच मध्यावर दिलेली आहे. कुजलेल्या गाडीला तिथे जॅक लावला की गाडी वर यायच्या ऐवजी जॅकच आत घुसतो.

पुढचं मडगार्ड या गाडीला बोल्टांनी बसवलेलं असतं. ते उतरवून पाहा. चाकाच्या मागे, मडगार्ड आणि आतल्या पत्र्याच्या मधल्या चिंचोळ्या जागेत सुकलेल्या मातीचा थर सापडेल, मुठीएवढा जाड. ती माती पावसात भिजते, तिच्यातलं मीठ हवेतली ओल ओढून घेतं, त्यामुळे उन्हाळ्यातसुद्धा ती पुरती सुकत नाही. तिच्या मागे सिलचं पुढचं टोक असतं. गंज तिथून आत शिरतो आणि पोकळीतून मागे सरकतो. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. त्यामुळे दोन पत्रे जिथे एकमेकांवर बसवलेत, तिथली शिवण फुगते, उकलते, आणि आणखी पाणी आत जातं. बाहेरच्या रंगावर तांदळाएवढा फोड दिसला, तर आतली बाजू बहुधा केव्हाच गेलेली असते.

तपासायला महागडं यंत्र लागत नाही. स्क्रू-ड्रायव्हरची मूठ घ्या आणि दाराखालून पुढून मागे ठोकत जा. चांगला पत्रा टणक आवाज देतो. पुढे कुठेतरी तो आवाज एकदम बसका होतो, थप्प असा. तिथे स्क्रू-ड्रायव्हर उलटा धरून टोक दाबा. माझ्या गॅरेजात आलेल्या गाडीत ते मुठीपर्यंत आत गेलं, आणि बाहेर काढल्यावर लाल पापुद्र्यांबरोबर वर्तमानपत्राचे बोळे निघाले. कुणीतरी भोकात कागद कोंबून वर पुट्टी मारली होती आणि सुरेख रंग दिला होता. दुसरी खूण दाराची. दार बंद करा आणि मागच्या कडेची फट पाहा. ती वर अरुंद आणि खाली रुंद असेल, तर गाडी मधोमध बसायला लागली आहे.

बाजारात जुन्या सिलवर नुसती चढवायची पातळ पट्टी मिळते. ती घेऊ नका, असं मी अगदी ठासून सांगेन. ती कुजका भाग झाकते, भार पेलत नाही, आणि तिच्याखाली ओल धरून उरलंसुरलं लोखंडही खलास होतं. अशी पट्टी मारून गाडी विकणं मला फसवणूक वाटते. त्या गाडीत उद्या कुणाची तरी मुलगी बसणार असते.

खरं काम असं चालतं. आधी पेट्रोलची टाकी काढून गॅरेजबाहेर, लांब ठेवायची. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीपेक्षा घातक असते. गालिचे, सीट, बॅटरी, सगळं बाहेर. जुन्या एमजीबीत सीटच्या मागे, जमिनीखाली सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या असतात. त्यांच्या ॲसिडनं त्या खणांचा पत्राही खाल्लेला असतो, तोही तेव्हाच पाहून घ्यावा. सांध्यांवर मुळात शिसं भरलेलं असतं, त्यामुळे ग्राइंडर लावताना चांगला मास्क हवाच.

त्यानंतर दाराच्या चौकटीत, बिजागरीच्या खांबापासून कुलुपाच्या खांबापर्यंत चौकोनी नळीचा आडवा आधार वेल्ड करायचा. गाडी जिथे तिच्या स्प्रिंगा बसतात, त्याच जागी आधार देऊन टेकवायची, म्हणजे वजन रस्त्यावर असतं तसंच येतं. एका वेळी एकच बाजू कापायची. हा आधार न देता सिल कापलं, तर गाडी वाकते आणि नवं सिल त्या वाकलेल्या आकारातच पक्कं होतं. पुढे कितीही पैसे ओता, ती दारं सरळ लागत नाहीत.

नवा पत्रा आधी फक्त क्लॅम्पनं धरायचा. दार बसवायचं, फट पाहायची, दार काढायचं, पत्रा केसभर सरकवायचा, पुन्हा दार बसवायचं. यात दिवसच्या दिवस जातात आणि हेच दिवस मला सगळ्यात मोलाचे वाटतात. फट मनासारखी आली की मगच मिग वेल्डर, म्हणजे स्वतःच तार पुढे सोडत जाणारं वेल्डिंगचं यंत्र, हातात घ्यायचा. पत्रा जेमतेम एक मिलिमीटरचा, म्हणून ०.६ मिलिमीटरची तार. वरच्या पत्र्याला आधी भोकं पाडून ती वेल्डनं भरत जायची, कारखान्यातल्या स्पॉट वेल्डच्या जागी. एक इथे, दुसरा हातभर लांब. सलग ओढत नेलं तर उष्णतेनं पत्र्याला लाटा येतात. काम थांबवल्यावर निदान तासभर गॅरेज सोडायचं नाही. पत्र्यामागे चिकटलेलं जुनं डांबर आतल्या आत धुमसत असतं.

ज्यांची गाडी याच्याही पलीकडे गेलीय, त्यांच्यासाठी एक मोठी सोय आहे. १९८८ पासून ब्रिटिश मोटर हेरिटेज या संस्थेनं मूळ साचे वापरून एमजीबीची अख्खी नवी शरीरं बनवायला सुरुवात केली. कारखाना बंद पडून आठ वर्षं झालेल्या गाडीचं नवंकोरं शरीर मिळावं, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्याकडे ॲम्बॅसिडरचे साचे असे कुणी जपायला हवे होते. काही लोक कॅलिफोर्नियातून परत आणलेली गाडी घेतात. तिथल्या कोरड्या हवेत सीटचं कातडं फाटतं, पण पत्रा शाबूत राहतो.

वेल्डिंग झालं, शिवणी भरल्या, रंग दिला, की पोकळीत मेण मारायचं. लांब नळीनं, पातळ करून, पुढून मागे, ते शिवणीतून बाहेर झिरपेपर्यंत. सिलच्या खालच्या बाजूला पाणी निघून जायची छिद्रं असतात, ती मात्र नंतर तारेनं मोकळी करायची. हे मेणाचं काम मालवणला किंवा अलिबागला दारात उभ्या असलेल्या ॲम्बॅसिडरलाही तितकंच लागू आहे. तिलाही वेगळी चॅसी नाही, आणि समुद्राची खारी हवा तिच्या सिलमध्येही शिरते. पावसाळ्याआधी एकदा मॅट उचलून खालचा पत्रा पाहाच.

मे २०१८ पासून ब्रिटनमध्ये चाळीस वर्षांहून जुन्या बहुतेक गाड्यांना एमओटी ही वार्षिक तपासणी सक्तीची राहिलेली नाही. तरीही घरी अशी नव्यानं बांधलेली गाडी रस्त्यावर आणायच्या आधी मी ती तपासणीला नेतोच, आणि तुम्हीही न्यावी असं मला वाटतं. आपण महिनोन्‌महिने जे वेल्ड पाहिलेत, ते तिथे परकं माणूस लिफ्टखाली उभं राहून दिव्यानं पाहतं, ब्रेकची नळी ओढून पाहतं, चाक हलवून किंगपिनचा, म्हणजे पुढचं चाक ज्या खिळीवर वळतं तिचा, ढिलेपणा मोजतं आणि दारांखालचा पत्रा ठोकून ऐकतं.

नमस्कार.